डबा मावेल ती गाडी

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी विचारलं, "मायलेज किती देते?" मी विचारलं, "रंग कुठले आहेत?" आणि आईनं विचारलं, "डबा मावेल का?"

आम्ही दोघं हसलो. आई हसली नाही.

डबा म्हणजे तेलाचा, पंधरा किलोचा, पत्र्याचा चौकोनी डबा. वरचा पत्रा कापून त्याला झाकण बसवून घेतलेलं. खांदा कॉलनीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात असल्या डब्याला खरं तर जागाच नाही, तरी तो ओट्याखाली ऐटीत बसलेला असतो आणि त्यात आईच्या नाचणीच्या नानकटाया असतात. मैदा नाही, साखर नाही. भाजलेली नाचणी, थोडी कणीक, चमचाभर बेसन, घरी कढवलेलं तूप, गूळ, जायफळ. लहानपणी मला त्या शाळेत न्यायची लाज वाटायची. बाकीच्यांच्या डब्यात क्रीमची बिस्किटं आणि माझ्या डब्यात ही मातीच्या रंगाची वस्तू! आता दहावीत त्याच मुली मधल्या सुट्टीत माझ्या बाकाभोवती घुटमळतात आणि "हेल्दी आहे ना गं?" असं विचारून चार-चार उचलतात.

नाचणीची एक गंमत आहे. ती मुळातच तपकिरी, त्यामुळे भाजली गेली की नाही ते रंगावरून कळतच नाही. मैद्याची नानकटाई कडेनं गुलाबी झाली की काढायची. नाचणीची फक्त वासावरून कळते. आई ओव्हनसमोर पाटावर बसते, घड्याळाकडे बघत नाही, कुणाशी बोलत नाही आणि एकदम म्हणते, "काढ."

"अजून तीन मिनिटं आहेत."

"काढ म्हटलं ना, समे."

आणि दर वेळी तीच बरोबर निघते. हा वास ती भट्टीत शिकली.

"आम्ही कुठे घरी करत होतो नानकटाई," ती तूप फेसता फेसता सांगायची. "सामान न्यायचो." आईचं माहेर गव्हाणचं. दिवाळीच्या आधी आठ दिवस आणि एकदा मे महिन्यात आजा, म्हणजे तिचे वडील, मोपेड बाहेर काढायचा. पुढे त्याच्या दोन पायांच्या मधे रिकामा डबा, मागे आई आणि तिच्या मांडीवर पिशवीत रवा, मैदा, तूप, साखर; येताना भरलेला डबा तिच्या मांडीवर. जुन्या पनवेलच्या बाजारात एक भट्टी होती, इलियास चाचा आणि त्यांच्या वडिलांची. तिथे बायकांची रांग. आपापलं सामान आपापल्या परातीत ओतायचं, कारागीर ते मळून द्यायचा, आणि एखादी बाई मागून ओरडायची, "अरे, हात कशाला आखडतोस? तूप आमचं आहे, तुझं नाही!"

पण वीस घरांचे पत्रे एकाच भट्टीत. मग कुठली कुणाची ते कळायचं कसं? तर प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणाचा अंगठा, कुणाच्या काट्याच्या चार रेघा, कुणाचं बाटलीचं बूच. आजानं पहिल्याच वर्षी खिशातून मोपेडची किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि तिचं डोकं एकेका गोळ्यावर दाबलं. भट्टीतून बाहेर आल्यावर एक गोल आणि गोलाच्या वरच्या अंगाला बारीकसं भोक. तेव्हापासून त्यांचं तिथलं नाव पडलं, गव्हाणचे चावीवाले.

मोपेड भंगारात गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. किल्ली आईनं ठेवून घेतली. ती आमच्या चमच्यांच्या खणात असते आणि अजून प्रत्येक नानकटाईवर आई तीच दाबते. चौथीपर्यंत मला वाटायचं ते फूल आहे.

मोपेड मलाही आठवते. डब्याच्या जागेत मी उभी राहायचे. दोन्ही हातांनी आरशाची दांडी धरायची, आजाची दाढी माझ्या डोक्याला टोचायची, आणि दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग. वारा इतका खारट की घरी पोचल्यावर मी आपलेच ओठ चाटत बसायचे. आता त्या बाजूला गेलं की मला कळतच नाही आपण नक्की कुठे आहोत. पूल, टॉवर, क्रेन, पुन्हा पूल. आई खिडकीतून बोट दाखवते, "इथे आमचं मिठाचं आगर होतं." मी हो म्हणते. पुढच्या वेळी ती दुसरीकडेच बोट दाखवते.

असो. मी गाडीचं सांगत होते.

त्याची सुरुवात माझ्यापासून झाली. गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी केलं आणि तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही, असं बाबा म्हणतात. त्याआधी मी दुकानात पेन मागायलाही मैत्रिणीला पुढे करायचे. आणि गेल्या ऑगस्टमध्ये मी एकटी, कुणाला न विचारता, नानकटायांची बरणी घेऊन जुन्या पनवेलमधल्या कुबरा आंटींच्या दुकानात शिरले. सुका मेवा, निरनिराळी पिठं, मध असलं दुकान. मी तोंड उघडलं आणि जे काही बोलले ते आता मला आठवतही नाही, पण त्यात "कॅल्शियम" हा शब्द पाचेक वेळा तरी होता.

कुबरा आंटी हसायला लागल्या. "अगं श्वास तर घे! अब्बा, बघा तरी खाऊन."

कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ तसबीहचे मणी फिरवत बसले होते. त्यांनी नानकटाई घेतली. खाल्ली नाही. उलटसुलट करून उजेडात धरली.

"ही चावी कुठून आली?" ते म्हणाले. "हे तर गव्हाणवाले. आनंदाची चावी."

तेच इलियास चाचा. भट्टी बंद होऊन दहा वर्षं झाली होती. मी सांगितलं की आनंदा माझा आजा, तेव्हा त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, आणि मग खाल्ली, हळूहळू, डोळे मिटून. "मैदा नाही घातलास," ते म्हणाले. "पण भाजली ती भट्टीसारखी. कोण भाजतं?"

"आई."

"रोशनी? ती डबेवाली पोरगी?"

कुबरा आंटींनी लगेच आईला फोन लावला. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारपासून, दर शनिवारी एक पूर्ण डबा. अटी दोनच. "नऊ म्हणजे नऊ, ताई. माझं गिऱ्हाईक सकाळचं. मागे एक बाई लाडू देत होत्या, कधी साडेदहा, कधी बारा, शेवटी मी बंद केलं. आणि कुणाच्या तरी हाती पाठवू नका हां. तुम्ही स्वतः या. लोक विचारतात काय घातलंय, कसं केलंय. मी काय सांगणार?"

फोन ठेवल्यावर आई बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.

बाबा कंटेनर यार्डात शिफ्टला असतात. शनिवारी सकाळी ते कधी घरी असतात, कधी नसतात. रिक्षा केली तर आईची निम्मी मेहनत रिक्षाच खाणार, आणि सकाळी त्या वेळेला रिक्षा मिळेलच असं नाही. म्हणजे गाडी हवी. आणि आईला ती चालवता यायला हवी. एवढं सरळ होतं. मी त्याच रात्री आईचा शिकाऊ लायसन्सचा फॉर्म भरून टाकला. फोटोत ती इतकी घाबरलेली दिसते की तिनं काहीतरी चोरलंय असं वाटावं.

"चाळिशी उलटल्यावर शिकणार तू?" बाबा म्हणाले. कुजकट नव्हे, काळजीनं.

"तुम्ही पस्तिशीत पोहायला शिकलात."

"मी अजून नीट पोहत नाही."

"तेच म्हणते मी. मी नीट शिकेन."

दसऱ्याला शोरूमला गेलो. दारात झेंडूचं तोरण, आत नुसती गर्दी. सगळे नवे कपडे घालून आलेले आणि आई हातात तेलाचा डबा घेऊन. तो रिकामा नव्हता बरं का. वजनाचा अंदाज यावा म्हणून तिनं त्यात सहा किलो तांदूळ भरले होते.

प्रणित नावाचा सेल्समन आमच्या वाट्याला आला. "वेलकम मॅडम. हे... सामान बाहेर ठेवायचंय का?"

"नाही. ह्याच्यासाठीच गाडी घ्यायची आहे."

बाबा तोवर एका मोटरसायकलला मिठी मारल्यासारखे उभे होते. "रोशनी, इकडे ये! लिटरला किती जाते माहितीय?"

"डबा कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

मोटरसायकल तिथेच बाद. मग मी सुरू झाले. पेट्रोल की बॅटरी, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, आपल्या घरापासून दुकान किती लांब, आठवड्यातून किती फेऱ्या, सगळं मी वहीत लिहून नेलं होतं. मी भाषण ठोकलं. बाजूचं एक कुटुंबही ऐकायला उभं राहिलं आणि त्यांनी मलाच डिस्काउंटबद्दल विचारलं. प्रणित म्हणाला, "तू इथे जॉबला येतेस का?" मी हवेतच!

आई दरम्यान एकेका स्कूटरपाशी जाऊन पायांच्या जागेत डबा ठेवून बघत होती. एकीत तो तिरका बसला. एकीत बसला, पण हँडल वळवलं की झाकणाला लागायचं. चौथ्या गाडीत, आकाशी निळ्या, बॅटरीच्या, डबा असा बसला की जणू कंपनीनं माप घेऊनच ती जागा ठेवली होती. आईनं हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, डबा हलवून बघितला. तिचा चेहरा मी विसरणार नाही. शाळेतल्या मुलीला पहिला नंबर आल्यावर होतो तसा.

"हीच!" मी ओरडले. मी तिच्यावर बसून आरशात केस नीट केले. बाबांनी एक चक्कर मारून आणली आणि म्हणाले, "पिकअप चांगला आहे हां, मोटरसायकल नसली तरी."

प्रणित म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण बसून बघा ना."

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली आणि तिनं डबा उचलला.

"आई, घरी जाऊन बस ना निवांत," मी म्हणाले. "मुहूर्त टळेल!"

सगळे बसले. डबासुद्धा बसला. आई बसलीच नाही.

संध्याकाळी पूजा झाली. चाकाखाली लिंबं फुटली, पेढे वाटून झाले, शेजारी वर गेले. पार्किंगमध्ये आम्ही तिघंच. आईनं पदर खोचला, चपला काढल्या, परत घातल्या आणि गाडीवर बसली. बाबांनी स्टँडवरून गाडी पुढे ढकलली.

आईचे पाय जमिनीला पोचेनात.

म्हणजे अंगठे टेकत होते, तेही गाडी एका बाजूला कलती केली तर. आई चार फूट दहा इंच. ही गोष्ट मला जन्मापासून माहीत आहे. मी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून तिला चिडवते. तरी शोरूममध्ये माझ्या त्या वहीत रेंज, चार्जिंग, वॉरंटी सगळं होतं, आईची उंची नव्हती.

"थांबा, जमेल," ती म्हणाली. डावा पाय शोधायला ती डावीकडे कलली, गाडीही कलली आणि मग दोघी मिळून वॉचमनच्या खुर्चीवर आडव्या. बाबांनी आईला उचललं, मी गाडीला. कुणाला लागलं नव्हतं. खुर्चीचा एक पाय मोडला.

आई साडी झटकत म्हणाली, "राहू दे. तुम्हीच चालवा. मी मागे बसते."

हे ती अगदी सवयीनं म्हणाली.

पुढचे दहा दिवस गाडी बाबांची होती. भाजी आणायला गाडी, दूध आणायला गाडी, खालच्या मजल्यावर जायलासुद्धा गाडी काढतील असं वाटायचं. बॅटरी काढून वर आणायची आणि स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायची. पण ओव्हन चालू असला की दोन्ही मिळून घराची वीज उडायची. मग बाबा म्हणायचे, "ओव्हन जरा नंतर लाव ना." आणि आई नंतर लावायची. शनिवारांबद्दल कुणी बोलत नव्हतं. एकदा बाबा म्हणाले, "दोन-अडीच वर्षांत समी अठराची होईल. मग तीच नेईल डबा. उंच आहे ती."

मी एक क्षण खूश झाले. खोटं कशाला सांगू? आकाशी निळी गाडी, मी, केस उडतायत. दुसऱ्या क्षणी आईकडे पाहिलं. ती गोळ्यांवर किल्ली दाबत होती, मान वर न करता. कुबरा आंटी अडीच वर्षं थांबणार नव्हत्या. आणि त्यांनी बोलावलं होतं ते आईला.

रविवारी आम्ही गव्हाणला गेलो. बाबा गाडीवर, मी आणि आई बसनं. ते बघूनच आजा दारातून म्हणाला, "काय रं निकेश, गारी एकाची नं मानसा तीन?"

आजा चौऱ्याहत्तरचा आहे. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर दाबून बघितलं, सायलेन्सर शोधला, तो नाही म्हणून हळहळला. मग म्हणाला, "रोशने, चालवून दाखव."

"पाय पोचत नाहीत, बाबा."

"आं?"

"सीट उंच आहे. घेताना बघितलं नाही."

"माझी चूक आहे, आजा," मी म्हणाले. "मीच घाई केली." गॅदरिंगच्या माइकवर हजार लोकांसमोर बोलताना जीभ अडखळली नव्हती, ती तिथे अडखळली.

आजा अंगणातल्या बाकड्यावर बसला. आमचं पाणी पिऊन झालं, चहा आला. शेवटी कप खाली ठेवून म्हणाला, "म्हादेवचे पन पाय पोचत नव्हते."

महादेव म्हणजे माझा मामा, आईचा धाकटा भाऊ.

"मोपेड शिकवली त्याला. तेरा वर्साचा व्हता. पोचत नव्हता, म्हनून मी सीटची दांडी कापली, खाली बसवली. मना म्हयनाभर गुडगे पोटात घेऊन चालवाय लागली. पन पोऱ्या शिकला." आजानं आईकडे बघितलं. "हिचे पाय मी मोजलेच नाय."

आई चहाचे कप गोळा करत होती. ती थांबली.

"मी तेव्हा त्याच्यापेक्षा उंच होते, बाबा," ती म्हणाली. "वीतभर. माझे पोचले असते."

लांब कुठेतरी क्रेन कर्र कर्र करत होती.

"तू कदी बोल्लीस नाय," आजा म्हणाला.

"तुम्ही म्हणायचा, रोशने, डबा नीट धर. मी धरायचे."

आजानं डोळे पुसले, पाणी आलं की धूळ गेली होती, मला माहीत नाही. मग तो एकदम बाबांवर घसरला. "निकेश, ही गारी कोनासाठी घेतली?"

"घरासाठी घेतली, मामा." बाबा सासऱ्यांना मामा म्हणतात.

"घराला पाय नसतात. कोनाचे पाय टेकनार हायेत ते सांग."

बाबा हसले, मग त्यांचं हसू थांबलं. "सीट कापली की परत जुळत नाही," ते हळूच म्हणाले. "नवी गाडी आहे. आणि मी सहा फूट. माझे गुडघे हँडलला लागतील."

"लागू देत," आई म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही, कप घेऊन आत निघून गेली. पण बाबांसमोर तिनं असं सरळ, पुढे काही न जोडता "लागू देत" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बाबांनीही बहुतेक पहिल्यांदाच. ते तिच्या मागे आत गेले आणि पाच मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कपबशा होत्या, धुतलेल्या.

मंगळवारी आम्ही सीटवाल्याकडे. पनवेल बाजारात एका बोळाच्या तोंडाशी एवढंसं दुकान, छतापर्यंत रेग्झिनचे गठ्ठे. त्यानं सीट काढायच्या आधी विचारलं, "कोण चालवणार? त्यांना बसवा."

बघा! एवढ्या मोठ्या शोरूममध्ये जे आम्हाला सुचलं नाही, ते त्या माणसाचं पहिलंच वाक्य होतं.

आई बसली. त्यानं तिच्या टाचेखाली बोट घालून अंतर बघितलं, खडूनं रेघ मारली, कव्हर सोलून काढलं आणि लांब पात्याच्या सुरीनं फोम तासायला सुरुवात केली, जशी आई आंब्याची साल काढते तशी, एका लयीत. "बसा." आई बसली. "अजून?" "थोडं." पुन्हा तासलं. "बसा." दोन्ही तळवे, टाचेसकट, जमिनीला. आईनं खाली बघितलं. मग डावा पाय उचलून आपटला, मग उजवा. सीटवाला म्हणाला, "ताई, जमीन पक्की आहे, काळजी करू नका."

बाबांनी घरी जाताना गाडी चालवली. बेडकासारखे बसले होते. कॉलनीत सगळे बघत होते आणि ते सगळ्यांना सांगत होते, "बायकोच्या मापाची आहे."

मग नोव्हेंबर. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छान महिना तो, अजून तरी. दर रविवारी गव्हाण. गावाबाहेर प्लॉट पाडून ठेवलेल्या जागेत नवेकोरे रुंद रस्ते आहेत, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब आणि घर एकही नाही. जिथे आजाच्या लहानपणी भरतीचं पाणी यायचं तिथे आई गाडी शिकली. आजा मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचा आणि काठी हलवायचा.

"बरेक! बरेक, गो! दोनी बरेक!"

"ओरडू नका, बाबा, मी घाबरते!"

"मी पन घाबरतो, म्हनून वरडतो!"

पहिल्या दिवशी ती खांबापर्यंत गेली आणि गाडी ढकलत परत आली, कारण वळता येत नव्हतं. दुसऱ्या रविवारी वळली. तिसऱ्या रविवारी डबा ठेवला, तांदूळ भरून, आणि आजाच्या खुर्चीभोवती आठचा आकडा काढला. आजा काठी हलवायचं विसरून नुसता मान फिरवत राहिला, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मी दुपारभर तिथे मातीत बसून भूगोल पाठ करायचे. वाऱ्यात अजून थोडं मीठ होतं. मी ओठ चाटून बघितले.

महिनाअखेरीस आरटीओत परीक्षा झाली. आईनं पाय न टेकवता आठ काढला आणि गाडीवरून उतरून ती तिथेच पायरीवर बसली.

आणि मग तो शनिवार. पहाटे चारला मी उठले तर आई ओव्हनसमोर पाटावर. आदल्या दिवशी निम्म्या झाल्या होत्या, निम्म्या ताज्या हव्यात म्हणून ती तीनपासून बसली होती. बॅटरी बाबांनी आदल्या दिवशी दुपारीच भरून ठेवली होती, वीज उडू नये म्हणून. थर, बटर पेपर, थर. शाळेत मी "घरगुती अडचण" अशी चिठ्ठी दिली होती. आठ वाजून वीस मिनिटांनी डबा पुढे, आई मधे, मी मागे, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. बाबा रात्रपाळी करून तेवढ्यात आले होते. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बघितलं, आरसा सारखा केला आणि बाजूला झाले.

मोठ्या सिग्नलला आम्ही थांबलो तेव्हा पुढे ट्रक, मागे बस. उजवीकडे एक मोटरसायकलवाला उगाच हॉर्न वाजवत होता. मला आईची पाठ दिसत होती आणि खाली तिचे दोन पाय, डांबरावर पूर्ण टेकलेले. आयुष्यभर मी आईच्या पुढे उभी राहिले, बाजूला चालले, हल्ली तर तिच्या वरून बघते. तिच्या मागे बसायची ही पहिलीच वेळ. मी तिच्या कमरेला धरलं. दिवा हिरवा झाला आणि मोटरसायकलवाल्याच्या आधी आम्ही निघालो.

नऊला बारा मिनिटं कमी होती. कुबरा आंटी शटर वर करत होत्या. इलियास चाचांनी आतून मान काढली, गाडीकडे बघितलं, मग आईकडे, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना, तिला कुणी आणून सोडलंय ते शोधत.

"कोणाबरोबर आलीस, बेटी?"

"मीच आले, चाचा," आई म्हणाली. "ही मागे बसून आली."

दहा वाजेपर्यंत ती गिऱ्हाइकांना नाचणी कशी भाजायची ते सांगत होती. मला तोंड उघडायची वेळच आली नाही, आणि चक्क बरं वाटलं. सव्वादहाला डबा अर्धा उतरला होता. उरलेल्या कुबरा आंटींनी बरण्यांमध्ये भरल्या आणि म्हणाल्या, "ताई, पुढच्या शनिवारी नऊ."

"नऊ," आई म्हणाली.

परत निघालो. घराकडे वळायचा रस्ता आला आणि आई वळलीच नाही.

"आई! घर इकडे!"

"माहीत आहे मला घर कुठे आहे ते."

"मग कुठे चाललोय?"

"चार्जिंग किती आहे बघ."

मी तिच्या खांद्यावरून वाकून आकडा वाचला. "एक्क्याऐंशी."

"मग रग्गड झालं," ती म्हणाली आणि गाडी उरण रोडला घातली. "गव्हाणला पोचलो की तुझ्या बाबांना फोन कर. म्हणावं, कुकर तुम्हीच लावा आज."